तपासणीपुरतं उघडं

बुटांच्या दुकानात हयात घालवलेला माणूस खोटं बोलत नाही, तो समोरच्याचं समाधान करतो. चावणारा बूट "दोन दिवस घाला, आपोआप सैल होईल" म्हणत गळ्यात मारायचा आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक टाचेला फोड घेऊन आलं की त्यालाच "पाय सुजलेत हो तुमचे, मीठ कमी खा" असा सल्ला द्यायचा, यात आजोबांचा हात कुणी धरला नसता. वृद्धाश्रमाच्या मॅडमनी हा गुण पहिल्याच वर्षी हेरला. तेव्हापासून तपासणीच्या बाई यायच्या म्हटलं की आजोबांना इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या हॉलमध्ये, दारासमोरच्याच खुर्चीत बसवायचं हे ठरून गेलं. बाई येत, विचारपूस करत आणि आजोबा त्यांना अख्खा आश्रम विकून मोकळे होत.

तपासणी नियमाप्रमाणे अचानक व्हायची असते. पण बाई एका आश्रमातून बाहेर पडल्या की तिथल्या मॅडम पुढच्या आश्रमात फोन लावत आणि "पाहुणे निघाले" एवढंच बोलून ठेवून देत. एरवी या मॅडम मंडळी एकमेकींची माणसं पळवत, एकमेकींच्या नावाने बोटं मोडत, पण या बाबतीत त्यांची एकी अशी की बघत राहावं. पाहुणे निघाले म्हटलं की इथे लगीनघाई सुरू. कपाटातले नवे टॉवेल बाहेर येत, जे संध्याकाळी घडीसुद्धा न मोडता परत कपाटात जात. फरशीवर इतकं फिनेल ओतलं जाई की दम्याच्या म्हाताऱ्यांना खोकल्याची उबळ येई. मावशी, म्हणजे सगळ्यांचं हवं-नको बघणाऱ्या बायका, एकेकाची नखं कापत सुटत. आणि मामा, म्हणजे आश्रमातला एकुलता एक पुरुष कामगार, किल्ली घेऊन मागच्या दाराकडे जाई.

ते मागचं दार लांबलचक बोळाच्या टोकाला होतं. लोखंडी, आणि त्याच्यावर आडवी दांडी. आग लागली, काही झालं, तर आतून दांडी ढकलायची आणि दार उघडलंच पाहिजे, असा नियम. पण दोन हिवाळ्यांमागे एक विसरभोळे गृहस्थ त्या दाराने फिरायला म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चरात सापडले, मांडीचं हाड मोडलेलं. तेव्हापासून मॅडमनी दांडीला साखळी आणि साखळीला कुलूप घातलं. खरं तर दाराशी एक माणूस बसवला असता तर साखळी लागली नसती. पण तो माणूस काही मिळेना. आणि कुलूप कसं, रजा मागत नाही. ते फक्त तपासणीच्या दिवशी मामाच्या खिशात जाऊन बसे.

हे सगळं आजोबांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांना काळजी होती ती आजीची.

आजी म्हणजे त्यांची बायको. तिची आठवण गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी किल्ल्या गेल्या, मग नावं गेली, मग मुलगी कोण ते गेलं आणि शेवटी आजोबा गेले. म्हणजे ते होते तिच्या शेजारीच, तिचे केस विंचरत. ती त्यांना "अहो" म्हणायची, पण मामालाही "अहो" म्हणायची आणि टीव्हीतल्या बातम्या सांगणाऱ्या माणसालाही, त्यामुळे त्यावर काही इमला बांधण्यात अर्थ नव्हता. मुलीने दोघांना आपल्या घरी नेलं होतं. त्या महिन्यात आजीने गॅस दोनदा उघडा ठेवला. जावई एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणंच घरभर ऐकू यायला लागलं. आजोबा धडधाकट होते, एकटे कुठेही राहिले असते. पण नवरा-बायकोला एक खोली देणारा आश्रम आसपास हा एवढाच होता, म्हणून ते तिच्यामागे इथे आले. इथून हललो तर आपण दोघं दोन ठिकाणी, हे ते पक्कं ओळखून होते. बाईंपुढे त्यांची जीभ जी सैल सुटायची ती या भीतीपोटी.

आजीचा एक नेम होता. दुपारचं जेवण झालं की ती बोळातून शेवटपर्यंत चालत जायची, दाराची दांडी दोन्ही हातांनी ढकलायची आणि म्हणायची, "बंद आहे वाटतं. उद्या येऊ." मग तितक्याच शांतपणे परत फिरायची. रोज. कुणी तिला अडवत नसे. कशाला अडवायचं? जाते, येते, तेवढेच पाय मोकळे होतात.

त्या दिवशी पाहुणे निघाल्याचा फोन उशिरा आला. धावपळ झाली. कुलूप निघालं, टॉवेल लागले, आजोबांचा सदरा मात्र इस्त्रीविनाच राहिला. दार आज उघडं राहणार हे मॅडमच्या लक्षात होतं, म्हणून त्यांनी फिरत्या पायांच्या मंडळींना, त्यात आजी आलीच, हॉलमध्ये बसवून समोर एका मावशीला पहारा ठेवला. "इथून हलायचं नाही," मॅडम मावशीला म्हणाल्या. आणि लगेच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घंटा वाजली की ज्याला ज्याला पाय आहेत त्याने धावायचं. मागच्या वेळी या बाईंनी घड्याळ लावलं होतं." एका तोंडाने दोन हुकूम सुटले आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतील हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बाई आल्या. उंच, बारीक, बोलायला कमी. त्यांनी नळाखाली थर्मामीटर धरून गरम पाण्याचा पारा पाहिला, गाद्या उलटून खालची बाजू हुंगली, औषधांच्या गाडीतल्या बाटल्या उजेडात धरल्या. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याची चादर बाजूला करून टाचा तपासल्या, कारण माणसाला कूस बदलून देतात की नाही ते पहिल्यांदा टाच सांगते. मग वरच्या शेवटच्या खोलीत जाऊन त्यांनी घंटेचं बटण दाबलं.

सिस्टर धावली. मामा धावला. दोन्ही मावशा धावल्या, पहाऱ्यावरचीसुद्धा. चौघंजणं धापा टाकत एका दारात अडकली.

"चौघं?" बाई म्हणाल्या. "रोज एवढे येता?"

"आमच्याकडे असंच," मॅडम म्हणाल्या.

नंतर बाईंनी आजोबांना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. राहणाऱ्यांशी एकांतात बोलायचं असाही नियम आहे. आजोबांची नजर सवयीने बाईंच्या पायांकडे गेली. बूट एक नंबर लहान घेतलाय, डाव्या करंगळीला लागत असणार. हिला दुकानात कुणी खरं सांगितलेलं दिसत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"रात्री बेल वाजवली तर कोण येतं?"

"मावशी येतात. कधी कधी तर आपण वाजवायच्या आधीच येतात."

बाई हसल्या नाहीत. "जेवण?"

"माझी बायको करायची त्याच्याहून बरं. तिला सांगू नका."

"मागचं दार. ते कायम उघडतं?"

"ढकललं की उघडतं," आजोबा म्हणाले. "पोर उघडेल."

"दांडीवर रंग खरवडलाय. साखळीने घासल्यासारखा."

"मामा सायकल लावतो ना तिथे. किती वेळा सांगितलं त्याला."

हे इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. बाईंनी ते लिहून घेतलं, आजोबा उठले आणि हॉलमध्ये आले. आजीची खुर्ची रिकामी होती.

बाथरूमला गेली असेल म्हणून त्यांनी आधी तिकडे बघितलं. मग बोळाकडे बघितलं. बोळाच्या टोकाला फरशीवर ऊन पडलं होतं. त्या बोळात ऊन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दार वीतभर उघडं होतं आणि उंबऱ्याशी डाव्या पायाची चप्पल पडली होती, मऊ तळाची, रुंद पट्ट्याची. आजीचे पाय सुजतात म्हणून त्यांनी स्वतः निवडून आणलेली.

मॅडमनी त्यांचा दंड धरला. त्यांनाही नुकतंच कळलं होतं.

"मामाला पाठवलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सापडतील. बाईंना मी आत्ता गाडीत बसवते. तोवर ब्र काढू नका."

"बाहेर मोठा रस्ता आहे."

"मला माहीत नाही का? आजोबा, नीट ऐका. यांना कळलं तर विसरभोळ्या माणसांना इथे ठेवूच देणार नाहीत. आजींना कुठे पाठवतील आणि तुम्हाला कुठे, करा विचार. मी तुमच्या भल्याचं सांगतेय."

वाईट हे की मॅडम खरं बोलत होत्या. आजोबांनी भिंतीला हात टेकला. बोललो तर ती हातची गेली, नाही बोललो तर कदाचित जगातूनच जाईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वेळ किती, तर बाईंना पिशवी आवरायला लागेल तितका. मामाला सापडेलही ती. गेल्या जन्मीचं काही पुण्य असेल तर दाराबाहेरच उभी असेल. पण मामा. एरवी कितीही घाई असली तरी चालत जाणारा माणूस.

बाई पिशवी खांद्याला लावून ऑफिसातून आल्या. "येते आजोबा."

"या," आजोबा म्हणाले. तोंडातून गेलंच ते, इतक्या वर्षांच्या सवयीने. बाई चार पावलं गेल्या. मग ते म्हणाले, "बाई, थांबा. माझी बायको बाहेर गेलीय. मागच्या दाराने. ते रोज कुलपात असतं, आज तुमच्यासाठी काढलं. मी मगाशी तुमच्याशी खोटं बोललो."

"आजोबांचंही आता वय झालंय," मॅडम घाईने म्हणाल्या. "कधी कधी काहीतरी—"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी तिथेच टाकली. "अंगावर काय आहे त्यांच्या?"

"निळा गाऊन. पांढरा स्वेटर. चप्पल एकाच पायात."

"कुठे जायचं म्हणतात एरवी?"

"दुकानात."

"कुठल्या?"

"ते आता नाही," आजोबा म्हणाले.

बाईंनी पोलिसांना फोन लावला आणि तो कानाला तसाच धरून त्या लहान बुटांत मागच्या दाराने पळत सुटल्या. आजोबा मागून. मागची गल्ली रिकामी होती. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता, चार पदरी, आणि त्याच्या मधोमध, दोन्हीकडून गाड्या जाणाऱ्या त्या हातभर रुंद कट्ट्यावर, आजी उभी होती. एका हाताने दिव्याचा खांब धरलेला. उघड्या पायाच्या बोटांतून रक्त येत होतं. ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे बघे आणि पाय खाली सोडून परत वर घेई. अर्धा रस्ता ओलांडून ती तिथवर कशी पोचली असेल याचा विचार आजोबांनी त्या दिवशी केला नाही, नंतरही केला नाही.

एक मालट्रक यायच्या आत बाई रस्त्यात उतरल्या आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. करकचून ब्रेक लागले, शिव्या आल्या. आजोबा त्यांच्यामागून कट्ट्यापर्यंत गेले. आजीने त्यांना नीट न्याहाळलं.

"अहो," ती म्हणाली, "हा रस्ता संपतच नाही."

"संपतो," आजोबा म्हणाले. "धरा हात."

परत आल्यावर सिस्टरने आजीच्या पायाला पट्टी बांधली आणि आजीने चार बिस्किटं आवडीने खाल्ली. मामा अजून शोधतच होता, दुसऱ्या दिशेला. आजोबा मात्र ऑफिसात बाईंपुढे बसले होते, बोलावल्याशिवाय.

"लिहू नका," ते म्हणाले. "ती सापडली ना. काही झालं नाही. उद्यापासून मी तिचं बोट सोडणार नाही."

"तुम्ही झोपता ना कधीतरी?"

"मी सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. मी गप्प बसलो असतो तर तुम्ही गेला होतात. खरं बोलायचं हे बक्षीस का?"

बाईंनी बूट काढून पाय टेबलाखाली मोकळे सोडले होते. बराच वेळ त्या करंगळी चोळत राहिल्या. "आजोबा, दार उघडं ठेवलं तर माणसं रस्त्यावर जातात. कुलूप घातलं तर एखाद्या दिवशी आग लागेल आणि सगळी आत राहतील. हे बघून मी नाही लिहिलं, तर मी कशाला हिंडते? तुमच्या बायकोसारख्या सात जणी आहेत इथे. बाकीच्यांना बोलणारा नवरा नाही."

आजोबांना बाईंचा राग आला, आणि राग येण्यासारखं बाईंनी काही केलं नव्हतं म्हणून आणखी राग आला.

निकाल आला तो असा. विसरभोळ्या माणसांना या आश्रमात ठेवायचं नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या बाजूला, त्यांच्यासाठीच काढलेलं एक घर होतं. तिथे दाराला कुलूप नव्हतं, दाराशी माणूस होता. सगळं चोख. फक्त तिथे आठवण शाबूत असलेल्यांना घेत नसत. आजोबांना महिन्यातून एकदा भेटायला जाता येईल, असं मुलगी फोनवर म्हणाली. "बाबा, तिला कळतही नाही कोण आलं ते," ती पुढे म्हणाली आणि मग स्वतःच रडायला लागली. आजोबांनी तिची समजूत काढली. समजूत काढणं हाच त्यांचा धंदा.

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं. तिथे फक्त विसरलेलेच घेतात ना? मग आपण विसरायचं. त्यात काय अवघड? रोज शेजारी धडा गिरवणारी मास्तरीण होतीच. ते तिच्याकडे बघून शिकायला लागले. एकच प्रश्न पाठोपाठ विचारायचा. सदऱ्याच्या बाहीत पाय घालायचा. बोलता बोलता मध्येच थांबून भिंतीकडे बघायचं. मावशा कुजबुजायला लागल्या की बायको जाणार म्हणून आजोबांनी हाय खाल्ली. मॅडम एकदा खोलीत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"चांगलं चाललंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर येतील तेव्हाही असंच राहू दे. तुम्हाला आजींबरोबर राहायला मिळेल. आणि त्या दिवशी कुलपाचं जे काही बोललात, ते भ्रमिष्ट माणसाचं बोलणं म्हणून मलाही झटकून टाकता येईल. बाईंचा निकालच उडेल मग. दोघांचंही भलं."

म्हणजे कुलूप परत दारावर जाणार आणि उरलेले सगळे परत आत. आजोबांना हे कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पण त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "आज बुधवार का?" आणि मॅडम समाधानाने उठून गेल्या. आपण एवढे नीच आहोत हे त्यांना म्हातारपणी समजत होतं, आणि तरीही आजी रात्री झोपेत त्यांची बाही धरायची तेव्हा त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

डॉक्टर आले ते आजीला न्यायच्या दिवशीच. मऊ आवाजाचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्या नव्या घरून एक नर्सही आली होती, तरुण, चटपटीत, आजीचा ताबा घ्यायला. आजीला आजोबांशेजारीच बसवलं होतं, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून. टेबलावर तिच्या नाश्त्यातलं केळं तसंच पडलं होतं.

"आजोबा, साल कोणतं चाललंय?"

आजोबांनी लग्नाच्या आसपासचं एक साल सांगितलं.

"आता आपण कुठे आहोत?"

"स्टेशनात. गाडीला उशीर आहे."

डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आजोबांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला कोंबले. हात छान थरथरला. डॉक्टरांनी आजीकडे बोट केलं. "आणि या कोण?"

इथे आजोबा अडखळले. याची तालीम त्यांनी केली नव्हती, कारण ती करवलीच नव्हती. त्यांनी आजीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे, कुठल्याही सहप्रवाशाकडे बघावं तसं, बऱ्या नजरेने बघत होती.

"असतील कुणीतरी," ते म्हणाले. निभावलं. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि लिहायला घेतलं. ते काय लिहीत होते ते आजोबांना उलट्या बाजूनेही वाचता येत होतं, आणि ते त्यांना हवं होतं तेच होतं.

पलीकडे नर्स आश्रमाच्या सिस्टरला विचारत होती. "यांची दुपारची गोळी राहिलीय. गाडीत बसायच्या आधी देऊन टाकते. कशी घेतात?"

"पाण्याबरोबर," सिस्टर म्हणाली. "घेतात नीट."

सिस्टरचा तरी काय दोष? आजीला गोळी रोज आजोबाच द्यायचे. पाण्याबरोबर दिलेली गोळी मागच्या वर्षी आजीच्या श्वासनलिकेकडे गेली होती. ती निळी पडली होती आणि मग तीन आठवडे हॉस्पिटलात छातीत नळी घालून होती. तेव्हाची सिस्टर सोडून गेली. ही नवी.

नर्सने गोळी आजीच्या जिभेवर ठेवली आणि पेला उचलला. आजोबा भिंतीकडे बघत राहिले. कदाचित जाईल गोळी नीट. जातेही कधी कधी. डॉक्टरांची शेवटची ओळ लिहून व्हायची होती, आणि पेला आजीच्या ओठाला लागला.

"पाणी नको," आजोबा म्हणाले. ते उभे होते आणि नर्सचं मनगट त्यांनी धरलं होतं. "पाण्याने तिला ठसका लागतो. काढा ती गोळी. अशी. चुरा करायची आणि केळ्याच्या घासात द्यायची. मी देतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. आजोबांनी दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडली, केळं सोललं, घास केला आणि आजीने तो खाल्ला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग ते नर्सकडे वळले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोलायचं. जेवण झालं की गालात बोट घालून बघायचं, घास तसाच धरून ठेवते, आडवी केली की घुसमटेल. आंघोळ पायांपासून सुरू करायची. डोक्यावर एकदम पाणी ओतलं तर बुडतेय असं वाटतं तिला, ओरडते, मग लोक म्हणतात मारकुटी आहे. मारकुटी नाही ती. मोजे उलटे घालायचे, शिवण बाहेर, बोटांना टोचते. संध्याकाळी रडायला लागली तर का म्हणून विचारू नका, तिला माहीत नसतं. टॉवेल द्या घड्या घालायला. झाले की मोडून परत द्या, तिला कळत नाही. चप्पल संध्याकाळी अर्धा नंबर मोठी लागते."

ते बोलत राहिले. नर्स लिहीत राहिली, मग पान उलटून लिहायला लागली. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता. त्यांनी आपला कागद हळूच टेबलावरून उचलला, दुमडला आणि खिशात ठेवला. दुसरा कागद काढला.

"झालं?" नर्सने विचारलं. आता तिचा आवाज चटपटीत नव्हता.

"एक राहिलं. ती माझ्याबद्दल विचारणार नाही. पण विचारलंच कधी, तर मेले म्हणू नका, उगीच रडेल. आणि येतील असंही म्हणू नका. येतील म्हटलं की ती दाराशी जाऊन उभी राहते. हलत नाही."

"मग काय सांगू?"

आजोबांनी तोंड उघडलं. नर्स पेन धरून थांबली होती. आजीने पुढच्या घासासाठी तोंड पुढे केलं, तेव्हा त्यांनी केळ्याचा तुकडा मोडला आणि तिला भरवला.